नाताळातलं मदतकार्य: आधी कोप्या मोजा, मग वर्गणी काढा

नाताळ महिन्यावर आला की चर्चच्या बहुतेक मंडळ्यांत मदतीच्या कामाला एकाच क्रमाने सुरुवात होते. वर्गणी ठरते, त्या पैशात बसतील तेवढी ब्लँकेटं येतात आणि ती कुणाला द्यायची हा प्रश्न 22-23 डिसेंबरला पडतो. मग टेम्पो निघतो आणि रस्त्यात जी वस्ती आधी लागेल तिथे वाटप होतं. त्याच वस्तीत चार दिवसांपूर्वी दुसरं कुणी येऊन गेलेलं असतं, आणि दोन किलोमीटर आत पाणंदीला (शेतवाटेला) असलेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळीपर्यंत कुणीच पोहोचत नाही. हा क्रम उलटा करायला हवा. आधी माणसं, मग त्यांची गरज आणि शेवटी पैसा.

सांगली जिल्ह्यात डिसेंबर म्हणजे ऐन गाळप हंगाम. वाळवा, पलूस, कडेगाव, मिरज या तालुक्यांत कारखान्यांच्या आसपास आणि गावांच्या कडेला ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या असतात. दुसरीकडे मिरजेच्या दवाखान्यांबाहेर परगावच्या रुग्णांचे नातेवाईक थंडीत रात्र काढत असतात. तिसरी माणसं आपल्याच मंडळीतली आहेत, पण चर्चची पायरी चढायचं अंगात त्राण नसल्यामुळे ती नजरेआड होतात. या तिघांसाठी तीन वेगळ्या तयाऱ्या लागतात. लहान मंडळीने एकच निवडावी आणि ती नीट करावी.

वेळ आणि माणसं

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांपैकी, पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. तिथून काम सुरू केलं तर उशीर झालाच म्हणून समजा. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बैठक, तिसऱ्यात पाहणी, चौथ्यात यादी आणि अंदाजपत्रक असं धरा. पहिल्या रविवारी उपासनेत नेमकी गरज वाचून दाखवायची आणि दानार्पण त्यासाठी ठेवायचं. खरेदी दुसऱ्या रविवारच्या आत, आणि वाटप तिसऱ्या रविवारच्या आधीच्या आठवड्यात, म्हणजे त्या वर्षीच्या रविवारांप्रमाणे 4 ते 16 डिसेंबरच्या दरम्यान. 20 तारखेनंतर गायनमंडळ, संडे स्कूलचा कार्यक्रम, कॅरोल फेरी आणि घरोघरचा फराळ यांत एकही हात मोकळा राहत नाही. थंडी काही 25 तारखेची वाट बघत नाही. दहा दिवस आधी पोहोचलेली चादर दहा रात्री जास्त उपयोगी पडते.

कमिटी सात जणांची पुरे. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीतले एक, महिला मंडळातल्या दोघी, तरुण संघातले दोघे, खजिनदार आणि सातवा म्हणजे ज्याचा स्वतःचा ऊस कारखान्याला जातो असा शेतकरी सभासद. या सातव्या माणसाला मुकादम ओळखतो, टोळी कुठे उतरली आहे हे त्याला ठाऊक असतं आणि कुठल्या पाणंदीत टेम्पो रुतेल हेही तो सांगू शकतो. पाळकसाहेबांकडे (चर्चच्या धर्मगुरूंकडे) कसलंही खरेदीचं काम देऊ नका. त्या महिन्यात त्यांच्यावर उपासनांचा, घरभेटींचा आणि लग्नांचा भार आधीच असतो.

कोप्यांची पाहणी

ऊसतोडीत माणसं कोयत्यावर मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको अशी जोडी. आठ-दहा कोयत्यांची टोळी, तिच्यावर मुकादम, आणि हंगामाआधी घेतलेली उचल फेडेपर्यंत सगळे त्या कामाला बांधलेले. बैलगाडीवाले सहसा कारखान्याजवळ एका जागी मोठ्या संख्येने असतात. ट्रॅक्टरच्या टोळ्या गावोगाव विखुरलेल्या असतात आणि फडातला ऊस संपला की हलतात. मदत बहुधा पहिल्यांना मिळते, कारण ते डांबरी रस्त्यावरून दिसतात. म्हणून ट्रॅक्टर टोळ्यांपासून सुरुवात करावी.

पाहणीला सकाळी जाऊ नका. पहाटेच्या अंधारात माणसं फडावर गेलेली असतात आणि कोपीवर एखादी म्हातारी आणि लहान पोरं तेवढी सापडतात. संध्याकाळी साडेसहानंतर जावं. त्यातही चुली पेटलेल्या असताना दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ घेऊ नये. दोन बायका आणि एक पुरुष एवढेच जावेत. बाईशी बाईनेच बोलावं. "मावशी, घरात किती माणसं? लहान कोण आहे?" इथून सुरुवात करा. "तुम्हाला काय पाहिजे?" असं थेट विचारलं की "द्याल ते द्या" हेच उत्तर येतं. त्यापेक्षा "रात्री खाली काय अंथरता? पाणी कुठनं आणता? उजेडाला काय आहे?" असं विचारलं की गरज आपोआप कळते.

वहीत एवढ्या गोष्टी हव्यात: टोळीचं ठिकाण, मुकादमाचं नाव, कोयते किती, मुलं किती आणि वयं, गरोदर किंवा बाळंतीण आहे का, म्हातारं माणूस आहे का, आणि या हंगामात याआधी कुणी काही दिलंय का. शेवटचा रकाना फार मोलाचा आहे. ज्या वस्तीला चार ब्लँकेटं मिळालीत तिथे पाचवं नेण्यात अर्थ नाही. प्रत्येक कोपीला क्रमांकाची चिठ्ठी द्या, शक्यतो बाईच्या हातात, आणि तोच क्रमांक वहीत लिहा.

वाटपाच्या दोन दिवस आधी फेरतपासणी करा. हे टाळलं की हमखास गडबड होते, कारण मधल्या दिवसांत टोळी दुसऱ्या गावच्या फडावर गेलेली असू शकते. मुकादमाला एक फोन केला तरी काम भागतं.

काय द्यायचं, काय नाही

ब्लँकेट ही पहिली आठवण असते, पण कोपीतली थंडी वरून जितकी लागते तितकीच खालून येते. पाणी पाजलेल्या रानाच्या कडेला जमीन ओली असते. खाली ताडपत्री नसेल तर दोन ब्लँकेटंही सकाळपर्यंत दमट होतात. एका कोपीला साधारण 9 बाय 12 फुटांची जाड ताडपत्री आणि एक मोठी सोलापुरी चादर ही जोडी दोन पातळ ब्लँकेटांपेक्षा जास्त कामाची. सुती चादर धुता येते आणि चुलीच्या ठिणगीने लगेच वितळत नाही. स्वस्त फ्लीसचं ब्लँकेट ठिणगी पडली की चिकटतं, आणि कोपीत चूल हातभर अंतरावर असते. हे लक्षात ठेवूनच खरेदी करावी.

जुन्या कपड्यांचा ढीग गोळा करायच्या आधी थांबा. साड्या, फ्रॉक, टी-शर्ट सगळीकडून येतात आणि निम्मे कपडे तसेच पडून राहतात. ऊसतोडीला खरोखर लागतो तो पुरुषांचा पूर्ण बाहीचा जाड सुती शर्ट. उसाचं पान धारेसारखं कापतं, म्हणून बायका साडीवर पुरुषांचा शर्ट घालूनच फडात उतरतात. घरोघर सांगा की फक्त पूर्ण बाहीचे शर्ट द्या, गुंड्या शाबूत, धुतलेले. कार्यालयात जाणाऱ्या माणसांच्या कपाटात असे शर्ट भरपूर असतात. मुलांसाठी स्वेटर आणि कानटोप्या घ्यायच्या असतील तर पाहणीतल्या वयांवरूनच घ्या, आणि माप एक नंबर मोठं घ्या.

उजेडाची चार्जिंगची बॅटरी दर कोपीला एक. पहाटे अंधारात निघणाऱ्या माणसाला आणि रात्री उघड्यावर जावं लागणाऱ्या बाईला तिचा आधार असतो. पण चार्ज कुठे करणार हे आधी विचारा. वीज नसेल तर सौर दिवा घ्यावा. सॅनिटरी पॅड आणि सुती कापड कागदी पिशवीत घालून महिला मंडळाच्या बायकांनीच वेगळं द्यावं, शिध्याच्या पिशवीत टाकू नये.

शिधा द्यायचा तर खाणाऱ्याच्या जेवणातला द्या. बीड आणि अहिल्यानगरकडची माणसं भाकरी खातात. गव्हाचं पीठ आणि मैद्याची बिस्किटं देऊन त्यांचा आठवडा निघत नाही. दोन मोठी माणसं आणि दोन मुलं धरून आठवडाभराचा शिधा असा:

शाळूचं (ज्वारीचं) पीठ 5 किलो, तांदूळ 3 किलो, तूरडाळ 1 किलो, शेंगदाणे 1 किलो, गोडेतेल 1 लिटर, मीठ 1 किलो, गूळ 1 किलो, चहापत्ती 250 ग्रॅम, कांदा-लसूण चटणी 250 ग्रॅम, हळद 100 ग्रॅम, अंगाचे साबण 2, कपड्याचे साबण 2, काडेपेट्यांचा एक पुडा.

बाजरीचं पीठ देण्याचा मोह होतो, पण ते आठ-दहा दिवसांत कडू पडायला लागतं. शाळूचं पीठ तुलनेने टिकतं, तरी तेही वाटपाच्या आदल्या दिवशीच दळून आणावं आणि गरम पीठ पिशवीत बांधू नये. गिरणीतून आलेलं पीठ पसरून पूर्ण निवू द्या, नाहीतर आत वाफ धरते आणि गुठळ्या होतात. हळद सांगलीतच घ्यायची असल्याने भेसळीची पुडी घेण्याचं कारण नाही. ओळखीच्या दुकानातून अख्खी घेऊन दळून आणावी. किराण्याचा भाव गणपती पेठेत निदान तीन दुकानांत लेखी घ्यावा. पन्नासच्या वर पिशव्या असतील तर घाऊक दर मिळतो आणि बरेच दुकानदार माल विनामूल्य पोचवतात.

पिशव्या भरणं

सगळा जीव पिशवीतच असतो. एका पिशवीचं वजन साडेतेरा किलोच्या आसपास भरतं. पातळ कॅरीबॅगचे कान तुटतात आणि पीठ पाणंदीत सांडतं. शिवलेली जाड नायलॉनची पिशवी घ्या, ती नंतर बाजाराला उपयोगी पडते.

टेबलं ओळीने मांडा. तळाला तांदूळ आणि मीठ, त्यावर पीठ, मग डाळ, शेंगदाणे आणि गूळ, वर चटणी, हळद आणि चहा. तेलाची पिशवी वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये गाठ मारून सर्वांत वर उभी ठेवावी. साबण शिध्याच्या पिशवीत अजिबात नको. एका रात्रीत पिठाला आणि चहापत्तीला साबणाचा वास लागतो आणि भाकरी खाववत नाही. साबण आणि काडेपेट्या छोट्या पिशवीत बांधून वाटपाच्या वेळी हातात द्या. रांगेच्या शेवटी एकाने फक्त वजनकाट्यावर पिशवी ठेवून बघायचं. अर्धा किलो कमी भरली की काहीतरी राहिलंय, ती उघडायची. हा माणूस बोलण्यात रमणारा नसावा.

यादीपेक्षा दहा टक्के पिशव्या जास्त भरा. नवीन आलेलं कुटुंब प्रत्येक टोळीत निघतंच, आणि शेजारच्या कोपीला मिळालं, आपल्याला नाही, हे दुःख आपल्या हाताने कुणाला देऊ नये.

परवानगी आणि एक स्पष्ट नियम

कोप्या बहुतेक वेळा कुणाच्या तरी रानात किंवा कारखान्याच्या जागेत असतात. जागामालक, मुकादम आणि कारखान्याचं शेतकी कार्यालय यांना आधी सांगा. गावात सरपंच आणि पोलीस पाटील यांना मंडळीच्या लेटरहेडवर पत्र द्या. कुठे, कधी, किती कुटुंबांना आणि काय देणार एवढं त्यात असावं. पोच घ्यावी.

त्याच पत्रात लिहा की मदतीसोबत पत्रकं, पुस्तकं किंवा प्रार्थना काही नसेल. आणि ते तंतोतंत पाळा. यात संकोच नको आणि पळवाटही नको. पोटाची गरज असलेल्या माणसाच्या हातात पिशवी आणि पत्रक एकत्र दिलं की त्याला नाही म्हणायची मोकळीक उरत नाही. अशी मदत अडचणीत टाकणारी असते, आणि गावात गैरसमजही त्यातूनच होतात. कुणी विचारलं, "तुम्ही कोण?" तर सरळ सांगा, "आम्ही चर्चची माणसं, नाताळ आहे म्हणून आलोय." एवढं पुरेसं आहे.

वाटपाची संध्याकाळ

छोटा हत्ती जास्तीत जास्त 40 पिशव्या आणि तेवढ्याच चादरी-ताडपत्र्या घेऊन जाऊ द्या. जास्त भरला तर काळ्या मातीच्या पाणंदीत बसतो. टेम्पो बाहेरच्या दिशेला तोंड करून आणि ट्रॉल्यांची वाट मोकळी ठेवून उभा करावा. भरलेली उसाची ट्रॉली अंधारात मागे घेणं फार अवघड असतं.

रांग लावू नका. दिवसभर वाकून मोळ्या उचललेल्या माणसाला रांगेत उभं करणं बरं नव्हे, आणि रांगेत धक्काबुक्की होऊन पोरं चेंगरतात. दोघा-दोघांनी पिशवी घेऊन कोपीपर्यंत जायचं, चिठ्ठी घ्यायची, वहीत खूण करायची, पिशवी आत ठेवायची. घरात कुणी नसेल तर ती पिशवी मुकादमाकडे सोपवू नये. शेजारच्या बाईकडे तिची सही किंवा अंगठा घेऊन ठेवावी किंवा दुसऱ्या दिवशी परत जावं.

सांताक्लॉजचा वेश, ढोल, फटाके काही नको. बैल बुजतात, दाव्याला हिसका देतात आणि जवळच झोळीत तान्हं बाळ असतं.

फोटो हा वादाचा मुद्दा असतो. तरुणांना तो हवा असतो, दात्यांनाही हवा असतो. भरलेल्या पिशव्यांचा, टेम्पोचा आणि काम करणाऱ्यांचा फोटो घ्या. घेणाऱ्याच्या चेहऱ्याचा नको. बायबलमध्ये मत्तयाच्या सहाव्या अध्यायात उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू नये असं म्हटलंय, ते आपल्या स्टेटसलाही लागू आहे. दात्याला हिशेबाचा कागद दाखवा.

मिरजेत जेवण द्यायचं असेल तर

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत दवाखाना सुरू केला, तेव्हापासून हे गाव उपचाराचं ठिकाण आहे. रेल्वेचं जंक्शन असल्याने आजही बेळगाव-विजापूरकडून रुग्ण येतात. सोबतचा एक माणूस आत थांबतो, बाकीचे बाहेर. जेवण या बाहेरच्यांसाठी असावं. रुग्णाला आपलं अन्न देऊ नये, कुणाला मीठ बंद असतं, कुणाचं ऑपरेशन सकाळी असतं. सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना आधी भेटा. जागा आणि वेळ तेच सांगतील. तारीख 25 नको. त्या दिवशी अनेक हात पुढे येतात. 26 ते 30 मध्ये ठेवा.

शंभर जणांना पोटभर मूगडाळीची खिचडी करायची तर तांदूळ 9 किलो, मूगडाळ 3 किलो, कांदा, बटाटा प्रत्येकी 3 किलो, टोमॅटो आणि मटार प्रत्येकी 2 किलो, तेल सव्वा लिटर, आलं-लसूण 300 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम. मीठ आधी 400 ग्रॅम घालून मग चव बघा. पाणी सुमारे 38 लिटर, आणि ते दुसऱ्या शेगडीवर आधण आणूनच ओता. गार पाणी ओतलं तर उकळी यायला पाऊण तास जातो, तोवर तांदूळ फुगून फुटतो आणि तळाला डाळ धरते. 70 लिटरचं जाड बुडाचं पातेलं हवं. थोडी कणी राहिली असताना गॅस बंद करून झाकण घट्ट लावावं, बाकी वाफेवर शिजते. खोबरं आणि दही या जेवणात घालू नका, ते लवकर आंबतात.

सातला वाढायचं असेल तर सव्वासहाला पातेलं खाली उतरलेलं असावं, त्याच्या फार आधी नको. उतरल्यापासून दोन तासांत खाऊन संपलं पाहिजे. गरम खिचडी पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच बांधू नये. लोकांना स्वतःचा डबा आणायला सांगा, नसेल त्याला पत्रावळ. बरेच जण थोडं सकाळसाठी राखून ठेवतात. तसं करू नका हे कन्नडमध्ये सांगू शकणारी एक बाई वाढपात हवीच.

आपलेच, पण नजरेआडचे

मंडळीच्या नोंदवहीतून तीन प्रकारची घरं काढा: अंथरुणाला खिळलेले, मुलं परगावी असलेले एकटे म्हातारे, आणि या वर्षी ज्यांच्या घरी कुणी वारलं ते. तिसऱ्या घरात पहिला नाताळ फार जड जातो. तिथे कॅरोल पार्टी गाजावाजा करत नेऊ नये. आधी घरच्यांना विचारा. हवं असेल तर चौघांनी जाऊन संथ लयीत एक गीत म्हणावं, नको असेल तर नुसतं बसावं. प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) घरी हवं असेल त्यांची वेळ पाळकसाहेबांशी 15 डिसेंबरच्या आत ठरवा. फराळाच्या डब्यात करंज्या-लाडू सगळेच भरतात. मधुमेह असलेल्या आजींसाठी तिखट शेव-चिवडा वेगळा करा, आणि दात नसतील तर चकलीही नको.

कॅरोल फेरीला लाऊडस्पीकर लावणार असाल तर पोलिसांची परवानगी लागते आणि रात्री 10 ते सकाळी 6 तो बंद ठेवावा लागतो. सणाच्या ठरावीक दिवशी ही वेळ 12 पर्यंत वाढते, त्या दिवसांची यादी जिल्हाधिकारी जाहीर करतात. ती बघूनच फेरीची रात्र ठरवा.

पैसा

प्रत्येक रुपयाची पावती, कॅरोलच्या डब्यातल्याचीही. डबा दोघांनी मिळून उघडावा आणि मोजून दोघांनी सही करावी. आयकरात सवलत हवी असलेल्या दात्याला आधीच सांगा की 2,000 रुपयांच्या वर रोख दिलं तर ती मिळत नाही, चेक किंवा यूपीआयने द्यावं. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातलगाने पाठवलेली रक्कम कायद्याने परदेशी देणगी ठरते. एफसीआरएची (परदेशी देणगी नियमन कायद्याची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ती घेऊ नका, मग तो याच मंडळीत लहानाचा मोठा झालेला का असेना.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी हिशेब वाचून दाखवावा: जमा, खर्च, शिल्लक, किती कोप्यांना काय दिलं, आणि काय मागितलं होतं पण देता आलं नाही. हंगाम साधारण मार्चपर्यंत चालतो, त्यामुळे शिल्लक पैसा बँकेत ठेवण्यापेक्षा जानेवारीतच त्याच टोळ्यांत दुसरी फेरी करावी. त्या वेळी बाळंतीण असलेल्या कोपीत आधी जावं, आणि पाहणीची वही सोबत न्यावी.